माठाच्या पाण्यातला नीलम

"हा किती तापला होता, ते सांगता येईल का मॅडम?"

बाईंनी चांदीची अंगठी माझ्या टेबलावर ठेवली आणि हात लगेच मागे घेतला. अंगठीत निळा खडा होता, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा मोठा. अंगठी जुनी, पण पुन्हा पुन्हा पुसून लख्ख ठेवलेली.

नागपूरला इतवारीत एका सराफाच्या माडीवर माझी रत्नं तपासायची खोली होती. भूगर्भशास्त्र शिकून मी मोठमोठ्या खाणी पालथ्या घालणार असं घरच्यांना वाटलं होतं. मी एक जिना चढले आणि माडीवर जाऊन बसले. तिथे येणारी माणसं तीनच गोष्टी विचारत: खरा आहे का, केवढ्याला जाईल, आणि मला लाभेल का. पहिल्याचं उत्तर मी देई, दुसऱ्यासाठी खाली शेठजींकडे पाठवी, आणि तिसरा प्रश्न आला की म्हणे, "शनीला दुसरी कामं नाहीत असं वाटतं का तुम्हाला?" पण खडा किती तापला होता, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"म्हणजे हीट केलेला आहे का, असंच ना?" मी म्हटलं. "त्यात संकोच कसला? बाजारातले बहुतेक नीलम भट्टीत तापवून रंग खुलवलेले असतात."

"भट्टी नाही जी," त्या म्हणाल्या. "आग. जिनिंगला लागली होती नं, ती. ही माझ्या मिस्टरांच्या बोटात होती."

माझा हात अंगठीकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला. मे महिन्याची दुपार होती, वीज गेलेली, कूलर केव्हाचा बंद पडलेला. खिडकीतून झळा येत होत्या. एवढ्या उन्हात आलेल्या बाईला मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून दिला, तेव्हा त्या अर्ध पाणी प्यायल्या आणि उरलेल्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावली.

कुमुद उमाठे त्यांचं नाव. आर्वीच्या प्राथमिक शाळेत शिकवत होत्या, वय चाळिशीच्या आसपास. सासूबाईंना घेऊन एसटीने आल्या होत्या. "आत्याबाई खाली दुकानात बसल्यात," त्या म्हणाल्या. "जिना चढवत नाही म्हणाल्या. एरवी गावाबाहेर पाऊल टाकत नाहीत, आज हट्टानं संगं आल्या."

"माझं नाव कुणी सांगितलं?"

"तुम्हीच नं. हिवाळ्यात आमच्या वाचनालयात आल्या होत्या."

आल्या होत्या खऱ्या. व्याख्यान दगडांवर, त्यामुळे श्रोते थोडे, आणि त्यातलेही निम्मे शनीच्या आशेने आलेले. मी त्यांची पुरती निराशा केली होती. सांगितलं, की नीलम म्हणजे कुरुंद. गल्लीत सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा येतो, त्याच्या चाकात असतो तोच पदार्थ, हिऱ्याच्या खालोखाल कठीण. आपल्या भंडाऱ्याकडेही कुरुंद सापडतो, पण तो करडा, कुणी बोटात घालणार नाही असा. जमिनीच्या पोटात मैलच्या मैल खाली, भयंकर उष्णतेत आणि दाबाखाली ॲल्युमिनियम आणि प्राणवायू एकत्र आले की तो घडतो. अट एकच, आसपास मोकळं सिलिका नको, म्हणजे ज्याची वाळू होते ते. ते दिसलं की ॲल्युमिनियम त्याच्याशीच घरोबा करतं आणि भलतंच खनिज जन्माला येतं. जमिनीखाली सिलिका जिथे तिथे, म्हणून नीलम विरळा. त्यात लोखंड आणि टायटॅनियम नावाला मिसळलं की हा निळा रंग. मग कोट्यवधी वर्षांनी वरचा डोंगर झिजतो, खडक कुजून त्याची माती होते, हा मात्र कुजत नाही. जड असल्यामुळे नदीच्या गाळात तळाशी जाऊन बसतो आणि टोपली घेऊन येणाऱ्या माणसाची वाट पाहतो.

एवढं सांगूनही लोक जांभया देताना दिसले, म्हणून टाळ्यांच्या मोहाने शेवटी एक वाक्य ठेवून दिलं होतं. म्हटलं होतं, माणूस विसरतो, लपवतो, पण नीलम सगळं पोटात जपून ठेवतो. कुठे वाढला, कोण शेजारी होतं, किती तापला, सगळं.

"मी मागं दाराशी उभी होते," कुमुदताई म्हणाल्या. "ते ऐकलं अन् तेव्हापासून डोक्यातून गेलंच नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागायची वाट पाहत होते."

आपण टाळ्यांसाठी टाकलेलं वाक्य कुणीतरी घरी घेऊन जातं, सहा महिने जपतं आणि उन्हातान्हात परत आणून आपल्यासमोर ठेवतं. मला त्या क्षणी त्या वाक्याची भीतीच वाटली.

दिवाकर उमाठे जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवायचे. मूठभर कापूस हातात घेऊन ताणायचा आणि धागा केवढा निघेल ते सांगायचं, हे त्यांचं काम. एका दुपारी कापसाच्या गंजीला आग लागली. आतली माणसं बाहेर आली, दिवाकर आले नाहीत. कापूस रात्रभर आतल्या आत जळत राहिला, दुसऱ्या दिवशी ते सापडले. कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, त्यावरून ओळख पटली.

"मला पाहू दिलं नाही," कुमुदताई सांगत होत्या. "आत्याबाई दवाखान्यात जाऊन आल्या. आल्या त्या न बोलता माझ्या हातावर ही अंगठी ठेवली. म्हणाल्या, घे, तुझा नीलम. बस. सगळे म्हणतात, ते आधी धुरानं बेशुद्ध झाले, त्यांना काही कळलंच नाही. डॉक्टर म्हणाले, मालक म्हणाले, शेजारच्या बाया म्हणाल्या. पण विधवेला दुसरं काय सांगणार लोक? तुम्ही म्हणाल्या, दगड लपवत नाही. हा थोडाच तापला असेल, तर आग त्यांच्यापाशी उशिरा पोचली असेल. अन् खूप तापला असेल…"

"कळून काय करणार आहात तुम्ही?" मी जरा कडकच विचारलं. मला त्या प्रश्नातून सुटायचं होतं.

"मॅडम, इतकी वर्षं मी ती आग पाहते आहे. वर्गात फळ्यावर लिहिताना पाठीमागं असते. अन् दर वेळी ती वाढते. एकदा कळलं किती होती, तर तेवढीच पाहीन."

कुमुदताई अंगठीकडे बघत होत्या, पण हात लावत नव्हत्या. थोड्या वेळाने त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. तो खडा दिवाकरांना त्यांनीच घालायला लावला होता.

साडेसाती सुरू झाली होती, कामावर खटके उडत होते, म्हणून कुमुदताईंनी ज्योतिष्याला विचारून नीलम आणला. नीलम असा सरळ बोटात चढत नाही. आधी त्याला घरात वागवून बघतात. निळ्या फडक्यात बांधून तीन रात्री उशीखाली ठेवायचा. वाईट स्वप्न पडलं तर परत करायचा, नाही पडलं तर शनिवारी घालायचा. दिवाकर तिन्ही रात्री घोरत झोपले. स्वप्न पडलं ते त्यांच्या आईला. गयाबाईंना दिसलं, की अंगणात दोरीवर दिवाकरचा सदरा वाळत घातलाय आणि त्यातून पाण्याऐवजी राख गळते आहे. पहाटे उठून त्या म्हणाल्या, खडा घरात नको.

"मी पुन्हा ज्योतिष्याकडे गेले," कुमुदताई म्हणाल्या. "ते म्हणाले, स्वप्न घालणाऱ्याला पडलं तर मोजायचं. आईला पडलेलं मोजत नाहीत. आईला काय, पोराची रोजच वाईट स्वप्नं पडतात. मला ते पटलं. शनिवारी घातली, अन् दुसऱ्याच आठवड्यात…"

"सासूबाई बोलतात यावरून?"

"एक शब्द नाही, आजपर्यंत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. दर शनिवारी संध्याकाळी दिवा लावतात, माझ्याकडून ही अंगठी मागून घेतात अन् दिव्याजवळ ठेवून पाहत बसतात. मी स्वयंपाकघरातून पाहते. मला दाखवण्यासाठीच करतात हो ते. पाह्य, तू काय केलं ते पाह्य."

मी नास्तिक बाई. माणसं गेल्यावर मागे काही उरतं यावर माझा विश्वास नाही, तेव्हा नव्हता, आजही नाही. पण त्या दोन बायकांच्या घरातला तो शनिवारचा दिवा मला भर दुपारी, घामाने निथळताना दिसला.

वीज नव्हती, तरी माझा जुना सूक्ष्मदर्शक आरशावर चालायचा. तो खिडकीशी नेला, आरसा उजेडाकडे वळवला आणि अंगठी खाली धरली. आगीतून गेलेल्या खड्याच्या खुणा मला पाठ होत्या, त्या शोधायच्या आणि जमेल तितक्या मऊ शब्दांत सांगायच्या, एवढंच ठरवलं होतं.

खडा अस्सल होता, सिलोनकडचा. आत निळ्या रंगाचे सरळ पट्टे होते, षटकोनाच्या कोनात वळलेले, खडा वाढत असताना थरावर थर चढले त्यांचे. एका कडेला रेशीम होतं. आम्ही रेशीम म्हणतो, त्या खरं तर दुसऱ्या खनिजाच्या केसाहून बारीक सुया. आणि मधोमध एक लांबट पोकळी, भिंती काचेसारख्या स्वच्छ, एकही तडा नाही.

मी खडा फिरवून फिरवून पाहिला. अशा पोकळीत बहुधा वायू कोंडलेला असतो, सोडा वॉटरच्या बाटलीतलाच, पण खालच्या दाबाने दाबून दाबून पाण्यासारखा पातळ झालेला. थंड असेल तर त्यात एक बुडबुडा दिसतो. तीस-एकतीस अंशांच्या वर गेलं की बुडबुडा आणि द्रव एकजीव होतात आणि काही दिसत नाही. माझ्या खोलीत तेव्हा चाळीसच्या वर असेल.

"एक मिनिट हं," मी म्हटलं. वाटीत माठातलं पाणी घेतलं आणि अंगठी त्यात सोडली.

"हे कशाला?" कुमुदताईंनी विचारलं.

"गार व्हायला."

जरा वेळाने काढली, पुसली आणि घाईने पुन्हा पाहिली. पोकळीत बुडबुडा आला होता. गोल, मोत्यासारखा. अंगठी कलती केली तर तो पोकळीच्या या टोकापासून त्या टोकाला गेला. माझ्या बोटांची ऊब लागली तसा लहान होत गेला, थरथरला आणि नाहीसा झाला.

खात्रीसाठी मी अंगठी पुन्हा पाण्यात टाकली. बुडबुडा पुन्हा आला.

ती पोकळी म्हणजे बंद कुपी. सोनाराच्या फुंकणीची आच लागली तरी तिचा भरवसा नसतो. फुटते, आणि भोवती चकतीसारखे तडे जातात. रात्रभर जळणाऱ्या कापसाच्या गंजीत ती शाबूत राहणं शक्यच नव्हतं. हा खडा त्या आगीत कधी गेलाच नव्हता.

"सांगा नं मॅडम. किती?"

"तापलेला नाही," माझ्या तोंडून गेलं.

"म्हणजे थोडासाच?"

"नाही. आगीत तापलेलाच नाही."

कुमुदताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडला आणि त्या रडू लागल्या. हुंदके देत हसत होत्या, पदर तोंडाशी धरून. "आग पोचलीच नाही त्यांच्यापाशी," त्या म्हणत होत्या. "खरंच सांगत होते लोक. धुरानंच गेले. जळले नाहीत. मॅडम, जळले नाहीत हो ते!"

किल्ल्यांवरून ओळख पटवावी लागली, हे थोड्या वेळापूर्वी त्यांनीच मला सांगितलं होतं. ते त्यांना आठवत नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं. मी गप्प बसले तर ही बाई आज शांत झोपेल, हे मला दिसत होतं. बोलले तर तिला आगीतून काढून फुफाट्यात टाकल्यासारखं होईल. शास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात अशा वेळी काय करायचं ते लिहिलेलं नसतं.

तेवढ्यात लाकडी जिना वाजला. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची. दारात गयाबाई उभ्या राहिल्या. उंच, सुकलेली म्हातारी, नऊवारीचा पदर डोक्यावरून घेतलेला, एक हात चौकटीवर.

"आत्याबाई!" कुमुदताई धावल्याच. "ऐकलं का? मॅडमनी पाहिलं. खडा तापलाच नाही. म्हणजे ते जळले नव्हते. आगीआधीच गेले होते!"

गयाबाईंनी सुनेकडे पाहिलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत एक विचारणं होतं, आणि मला काय कळलंय ते त्यांना कळलं होतं. त्यांनी नको म्हणून नुसती मान हलवली असती तरी गोष्ट तिथेच संपली असती. मी काही बोलले नसते.

त्या येऊन खुर्चीवर बसल्या. वाटीतल्या पाण्यात पडलेली अंगठी त्यांना दिसली.

"आतलं थे दिसलं का बाई तुमाले?" त्यांनी विचारलं.

"काय आतलं?"

"हलते थे. थंडीच्या दिवसांत दिसते, साध्या डोयानं बी दिसते. दिव्यापाशी धरली का लहान लहान होते अन् जाते. दिवा विझला, अंगठी थंडी झाली, का मंग येते." त्या थांबल्या. "जीव हाये त्याचा."

कुमुदताई दचकून अंगठीकडे बघायला लागल्या.

"जीव नाही आजी," मी म्हटलं. "वायू आहे. हा खडा जमिनीखाली घडत होता तेव्हा कोंडला गेला. तुमच्या दिवाकरच्या, माझ्या, सगळ्या माणसांच्याही कितीतरी आधी."

"असंन," गयाबाई म्हणाल्या. माझं म्हणणं त्यांनी खोडलं नाही आणि मनावरही घेतलं नाही. "पन दर शनवारी थो माह्यासमोर जाते बाई. मी पाहत राह्यते, अन् थो जाते."

"आत्याबाई, असं काय बोलता?" कुमुदताई म्हणाल्या. "ते जळले नाहीत, एवढं चांगलं कळलं आज…"

"जळला," गयाबाई म्हणाल्या.

खाली शेठजी कुणाशी तरी घासाघीस करत होते, तेवढं ऐकू येत होतं.

"म्या पाह्यला नं त्याले. तोंड पाह्याची हिंमत नाई झाली. चादरीतून हात भाईर आला होता, थो पाह्यला. बोट मोकयं होतं, पोरी."

"मोकळं? मग अंगठी?"

"घरी होती. मिठाच्या बरणीत."

कुमुदताईंना कळायला वेळ लागला. गयाबाई हळूहळू सांगत गेल्या, खाली मान घालून, प्रत्येक शब्द आतून उचलून ठेवावा लागत असल्यासारख्या. त्या दिवशी सकाळी कुमुदताई शाळेत गेल्यावर त्यांनी लेकापुढे हात पसरला होता. म्हणाल्या होत्या, एवढी अंगठी काढून दे, मला झोप नाही. तो हसला. आईच्या समाधानासाठी काढून दिली. म्हणाला, कुमुदला सांगू नको, तिला वाईट वाटेल, संध्याकाळी ती यायच्या आधी घालतो परत. गयाबाईंनी ती मिठात पुरली, खड्यातलं वाईट मिठात उतरावं म्हणून. दुपारी जिनिंगचा भोंगा वाजायला लागला आणि थांबलाच नाही.

"सपन मले पडलं होतं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, म्या त्याले वाचोलं. अन् थो त्याच दिवशी गेला. अंगठी होती तवर होता, काढली अन् गेला. मंग कोनाच्यानं गेला थो? घातल्यानं का काढल्यानं? इचारू कोनाले? तुले सांगाले आली होती त्या दिवशी, देवाशपथ. तुह्या हातावर ठेवली, अन् तोंडच उघडलं नाई."

"अन् मी समजत राहिले, की त्यांच्या बोटातून काढून आणली." कुमुदताईंचा आवाज अगदी खाली गेला होता. मग एकदम चढला. "इतकी वर्षं! इतकी वर्षं मी मानत आले, की मीच मारलं त्यांना. तुम्हाला दिसत नव्हतं? दर शनिवारी माझ्यासमोर ती अंगठी काढून बसायच्या तुम्ही, मला दाखवायला!"

"तुले काहाले दाखवू?" गयाबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "मी पाहत होती. म्या काय केलं, थे मी पाहत होती."

कुमुदताई उभ्याच होत्या. त्यांनी टेबलाची कड धरली. शनिवारच्या दिव्याशी बसलेली म्हातारी आणि स्वयंपाकघराच्या दारातून तिच्याकडे बघणारी सून, दोघी एकाच गुन्ह्याची शिक्षा वेगवेगळ्या खोल्यांत भोगत होत्या, आणि गुन्हा घडलेलाच नव्हता. ठिणगी कापसात पडली होती. ती कुणाच्या बोटात काय आहे ते बघून पडत नाही. हे मी बोलूनही दाखवलं. दोघींपैकी एकीनेही ऐकलं असं मला वाटत नाही.

"मग आज कशाला आल्या संगं?" कुमुदताईंनी विचारलं. "इतकी वर्षं लपवलं, तर आज का?"

"मले वाटलं," गयाबाई म्हणाल्या, "माह्या तोंडून तं निंगत नाई. दगडानंच सांगतलं तं बरं."

मी खिडकीशी उभी होते. मला वाटलं, कुमुदताई आता निघून जातील, म्हातारीला तिथेच सोडून. त्यांनी तसं केलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता.

त्यांनी वाटीत बोटं घातली आणि अंगठी बाहेर काढली. पदराने पुसली. डोळ्यांजवळ नेऊन उजेडात धरली. आत ते हलत असणार, कारण त्यांचा श्वास थांबला.

"त्यांनी काढून दिली तेव्हा," त्या सासूला म्हणाल्या, "कशी होती?"

"काय कशी?"

"अंगठी. हातात घेतली तेव्हा."

गयाबाईंनी आठवायचा प्रयत्न केला. "गरम होती," त्या म्हणाल्या. "त्याच्या बोटातली. गरम होती वं."

कुमुदताई माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. "मॅडम, मी जे विचारायला आले होते, ते तर हा खडा सांगूच शकत नाही. हा तिथं नव्हताच."

"नव्हता," मी म्हटलं.

"पण ह्याचं ह्याला तर माहीत आहे. सांगा, हा किती तापला होता?"

जमिनीच्या पोटातली आग मी त्यात धरली नाही. माणसांच्या हातात आल्यापासूनचंच त्यांना हवं होतं.

"अंगाच्या उबेएवढा," मी म्हटलं. "त्याहून जास्त कधीच नाही."

त्यांनी मान हलवली. खाली बसल्या, म्हातारीचा हात ओढून घेतला, तळव्यावर ती गार अंगठी ठेवली आणि बोटं मिटवली. मग आपल्या दोन्ही हातांनी ती मूठ धरली. गयाबाईंनी हात सोडवायचा प्रयत्न केला.

"थो जाईन नं पोरी," त्या म्हणाल्या. "गरम झाली का जाते थो."

"असू द्या," कुमुदताई म्हणाल्या. "आज मी आहे जवळ. जाऊ द्या."